थंडीत घर कमी खर्चात उबदार ठेवायचं तर: आधी फटी बुजवा, शेगडी शेवटी

दिवाळी सरली की साताऱ्यात दरवर्षी तेच घडतं. रात्री गारठा वाढला की कुणी हीटर आणतं, कुणी शेगडी पेटवतं, कुणी आणखी एक ब्लँकेट घेतं आणि तरीही पहाटे चारला कुडकुडत जाग येते. पैसे जातात ते जातातच, शेगडीपायी कधी जीवही जातो. गडबड क्रमात आहे. घरातली ऊब फटींतून, फरशीतून आणि छपरातून निघून जात असेल तर कितीही जाळलं तरी पुरत नाही.

आपल्याकडची थंडी कशी असते, तेही आधी लक्षात घ्या. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात दुपारी पारा २८-३० अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे १०-१२ पर्यंत उतरतो. माण-खटावकडे आभाळ निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे रात्र आणखी झोंबते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात तर काही पहाटे दवबिंदू गोठतात. म्हणजे बहुतेक ठिकाणी आपल्याला दुपारची ऊब पहाटेपर्यंत टिकवायची आहे, एवढंच. दिवसरात्र घर तापवत बसण्याची गरज नाही.

## तयारी: खोली निवडा, सामान जमवा

कार्तिकात एखादा रविवार यासाठी काढा. कडाका सुरू झाल्यावर हात लावला तर गाद्यांना ऊन दाखवायलाही सवड मिळत नाही.

सगळं घर उबदार करायच्या फंदात पडू नका. रात्री झोपायला एकच खोली ठरवा. ती लहान असावी, तिच्या कमीत कमी भिंती बाहेरच्या बाजूला असाव्यात आणि जमलं तर ती थेट पत्र्याखाली नसावी. चुलीचं घर असेल तर चुलीमागच्या भिंतीच्या पलीकडची खोली उत्तम. ती भिंत संध्याकाळच्या स्वयंपाकाने तापते आणि बराच वेळ ऊब सोडत राहते. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॉट उष्णता देतो. चौघे एका खोलीत झोपले की तीनशे वॉटचा हीटर फुकटात चालू राहतो.

सामान बहुतेक घरातच सापडेल: उदबत्ती, रिकामी पोती, जुन्या साड्या, सुतळी, वर्तमानपत्रं, किराणा दुकानातली पुठ्ठ्याची खोकी. तासगावकडे द्राक्षांची जाड खोकी मिळतात, ती तर फारच कामाची. हार्डवेअरच्या दुकानातून फोमची चिकटपट्टी आणि थोडं जाड पारदर्शक प्लॅस्टिक आणा. विकत आणायचं ते इतकंच.

## टप्पा १: फटी शोधा

डोळ्यांना दिसतात त्या फटी थोड्याच असतात. रात्री नऊच्या पुढे, बाहेर वारा असताना, खोलीचं दार-खिडक्या लावा, पंखा बंद करा आणि उदबत्ती पेटवा. दाराच्या चौकटीपासून चार बोटांवर ती धरून सावकाश खालून वर न्या. धूर सरळ वर गेला तर ठीक. धुराची रेघ अचानक आत वाकली किंवा फटीकडे ओढली गेली की तिथे खडूने खूण करा. पडदे आणि लोंबणारे कपडे आधी बाजूला घ्या.

दारानंतर खिडक्या घ्या. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या वरून घट्ट वाटतात, पण दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात ती उभी रेघ आणि खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची भोकं यांतून चांगलाच वारा येतो. पत्र्याच्या घरात भिंतीच्या माथ्यावर नजर टाका. पत्र्याच्या प्रत्येक लाटेखाली अर्धगोल भोक राहतं. एकेक भोक लहान दिसतं. सगळी मिळून एक खिडकी उघडी ठेवल्यासारखी होते. कौलारू घरात वळचणीला भिंत आणि कौलं यांच्यामधली मोकळी जागा बघा.

नेहमीची चूक: लोक दुपारी फटी शोधतात. दुपारी आत-बाहेर तापमान सारखंच असतं, त्यामुळे धूर नीट काही सांगत नाही.

## टप्पा २: फटी बुजवा, पण सगळ्या नाही

सुरुवात दाराच्या खालच्या फटीपासून करा. गार हवा जड असते, ती जमिनीलगत आत सरपटते आणि खाली झोपणाऱ्याला पहिल्यांदा लागते. दाराच्या रुंदीपेक्षा वीतभर लांब कापडी नळी शिवा, तिच्यात वाळू किंवा भाताचा कोंडा भरा आणि रात्री दाराला आतून लावून ठेवा. पोत्याची घट्ट वळकटी बांधली तरी काम होतं. नुसतं फडकं टाकू नका. वाऱ्याने ते सरकतं आणि दोन दिवसांत कुणी टाकेनासं होतं.

खिडकीच्या चौकटीला फोमची पट्टी लावण्याआधी चौकट ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. धुळीवर लावलेली पट्टी आठवड्यात लोंबते. काच फुटलेली असेल तर पुठ्ठा बसवून कडा चिकटवून घ्या. खिडकीला नुसते गज असतील तर चौकटीच्या आतून आणि बाहेरून असे पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन पडदे ताणून बसवा. दोन्हींच्या मध्ये अडकलेली हवा थंडी अडवते. दोन्ही प्लॅस्टिक एकमेकांना चिकटवून लावले तर निम्मा फायदा गेला. पत्र्याखालची भोकं चिंध्यांनी दाबून वरून मातीचा किंवा सिमेंटचा गिलावा करा. नुसत्या चिंध्या उंदीर ओढून नेतात.

आता महत्त्वाचं. झोपायच्या खोलीत उंचावर, तळहाताएवढी एक तरी वाट हवेसाठी मोकळी ठेवा. चार माणसांच्या श्वासाची वाफ कोंडली की भिंती ओलावतात, अंथरूण दमट होतं आणि दमट अंथरुणात थंडी जास्त वाजते.

सावधान: ज्या खोलीत चूल, गॅसची शेगडी किंवा गॅस गीझर आहे, तिथला झरोका, जाळी किंवा एक्झॉस्टची जागा कधीही बुजवू नका. हा टप्पा झोपायच्या खोलीपुरता आहे.

तपासा: दुसऱ्या रात्री पुन्हा उदबत्ती फिरवा. खुणा केलेल्या जागी धूर सरळ राहिला पाहिजे.

## टप्पा ३: अंगाखाली आधी, अंगावर नंतर

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. अंगावर तीन-तीन पांघरुणं असतात आणि अंगाखाली एक चेपलेली गादी. शहाबादी फरशी, टाइल्स किंवा कोबा रात्रभर अंगातली उष्णता ओढून घेत राहतो. वरून कितीही घ्या, खालची गळती थांबत नाही.

जमिनीवर झोपत असाल तर थर असे लावा. मातीची किंवा ओल धरणारी जमीन असेल तर सगळ्यात खाली प्लॅस्टिक किंवा ताडपत्री. तिच्यावर खोकी उघडून पसरलेला पुठ्ठा, दोन थर, सांधे एकावर एक येणार नाहीत असे. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्यांत हवा असते, ती थंडी वर येऊ देत नाही. पुठ्ठा नसेल तर वर्तमानपत्रांचे दहा-बारा थर. त्यावर घोंगडं, घोंगड्यावर गादी, गादीवर सुती चादर. घोंगडं अंगालगत नको, टोचतं. पण गादीखाली त्याच्यासारखं दुसरं काही नाही. लोकर माणसाच्या वजनाने कापसासारखी लगेच चपटी होत नाही. आटपाडी, जत, माण, खटाव या मेंढपाळांच्या पट्ट्यात हातमागाचं घोंगडं अजून मिळतं. एखादं ब्लँकेट कमी घ्या, पण एक चांगलं घोंगडं घ्या, ते वर्षानुवर्षं टिकतं.

पलंगावर झोपणाऱ्यांनी आपण सुटलो असं समजू नये. नवारीच्या खाटेखालून आणि लोखंडी पलंगाच्या पट्ट्यांमधून गार हवा थेट गादीला लागते. गादीखाली पुठ्ठा आणि पोतं घाला. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर सरकवा, म्हणजे झोपेत पाठ भिंतीला टेकणार नाही.

गादीचा कापूस गुठळ्या होऊन बसला असेल तर तो पिंजून घ्या. ते जमणार नसेल तर निदान आठवड्यातून एकदा गाद्या आणि वाकळा गच्चीवर उन्हात टाका. दहाला टाका, दुपारी उलटा आणि चारच्या आत आत घ्या. सूर्य कलला की कापूस हवेतला दमटपणा शोषायला लागतो. संध्याकाळी सहाला उचललेली गादी दिवसभराची मेहनत वाया घालवते.

वरच्या पांघरुणांचाही क्रम आहे. अंगालगत मऊ सुती चादर, मध्ये फुगीर काहीतरी म्हणजे रजई किंवा हलकी वाकळ, सगळ्यात वर वारा अडवणारं घट्ट विणीचं ब्लँकेट. जड वाकळ रजईवर टाकली की रजई चेपते आणि तिच्यातली हवा निघून जाते. ऊब त्या हवेनेच राहते.

सावधान: पांघरुणावर प्लॅस्टिक टाकू नका. घामाची वाफ अडकते आणि पहाटे आतून सगळं ओलं होतं.

तपासा: पहाटे उठल्याबरोबर गादीचा कोपरा उचलून खालून हात लावा. गादी गार किंवा दमट लागली तर खालचा थर वाढवा.

## टप्पा ४: छप्पर

निरभ्र रात्री छप्पर आपली उष्णता उघड्या आभाळाकडे सोडत राहतं. पत्रा तर बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. म्हणूनच पत्र्याच्या घरात पहाटे अंगावर थेंब पडतात: आपल्याच श्वासाची वाफ त्या गार पत्र्याला लागते, तिचं पाणी होतं आणि पत्र्याच्या उताराने येऊन खिळ्यापाशी किंवा वाशापाशी टपकतं. छप्पर गळतंय म्हणून डांबर फासण्याआधी हे तपासा. पाऊस नसताना फक्त पहाटेच थेंब पडत असतील तर दोष भोकाचा नाही, वाफेचा आहे.

पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं किंवा ताणून शिवलेल्या साड्यांचं आतलं छत करा. मधल्या हवेने पत्र्याचा गारठा खाली उतरत नाही. साडी पत्र्याला चिकटू देऊ नका, नाहीतर ती भिजेल. चूल, दिवा, बल्ब आणि वायरिंग यांपासून कापड लांब ठेवा. थर्माकोलच्या शीट स्वस्त मिळतात आणि त्या ऊबही धरतात, पण त्यांना आग फार लवकर लागते आणि त्यांचा धूर घातक असतो. राहत्या घरात त्या लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाड्याचं घर आहे, छपराला हात लावता येत नाही? मग मच्छरदाणी बांधा आणि तिच्या फक्त वरच्या भागावर जुनी चादर टाका. खोलीत लहानशी खोली तयार होते. बाजूची जाळी उघडी ठेवा, हवा खेळली पाहिजे. एवढ्याशा कामाने पहाटेचा फरक अंगाला कळतो.

स्लॅबच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी बरं वाटतं, कारण स्लॅब दिवसभर तापलेला असतो. पहाटे तोच स्लॅब गार पडतो. तिथेही मच्छरदाणीची युक्ती चालते. खालचा मजला आपल्याच घराचा असेल तर दोन महिने बिछाना तिकडेच हलवा.

## टप्पा ५: ऊन आत घ्या

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. २२ डिसेंबरच्या सुमारास साताऱ्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवरच असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन बरंच आत येतं. त्या खिडकीचे पडदे सकाळी नऊला पूर्ण उघडा. समोर कपडे वाळत घातले असतील तर ते दुसरीकडे हलवा. बाहेरची हवा तापली की अकरापासून सगळ्या खिडक्या उघडा, रात्रीचा दमटपणा निघून जाऊ द्या. साडेचार-पाचला, हवा गार व्हायच्या आत, सगळं बंद करून पडदे ओढा.

नेहमीची चूक: सकाळी सहाला ताज्या हवेसाठी खिडक्या उघडायच्या आणि रात्री नऊला बंद करायच्या. याने दुपारी मिळालेली सगळी ऊब जाते.

## टप्पा ६: अंगावरचे कपडे

एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक बरे. दिवसभर घामेजलेले कपडे झोपताना बदला. ओलसर बनियनवर कितीही चढवलं तरी अंग गारच राहतं. मोजे सैल हवेत, घट्ट मोज्यांनी पायाचा रक्तपुरवठा अडतो. पाय आधी गरम करा आणि मग अंथरुणात शिरा: कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून, नीट पुसून मोजे घाला. गार पाय अंथरुणात गरम व्हायला तास जातो. कानटोपीला लाजू नका.

रात्रीचं जेवण गरम आणि पोटभर असावं. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, शेंगदाणे हे भोगीपुरतं न ठेवता दोन महिने ताटात असू द्या. थंडी घालवायला दारू मात्र नको. तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम झाल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्षात शरीरातली उष्णता वेगाने बाहेर जाते.

## टप्पा ७: आता उष्णता

वरचे सहा टप्पे झाले की फार थोडी उष्णता पुरते.

गरम पाण्याची पिशवी सगळ्यात स्वस्त. पाणी उकळतं नको. पिशवी दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, बूच लावा, उलटी धरून गळती पाहा आणि टॉवेलात गुंडाळा. झोपायच्या अर्धा तास आधी ती अंथरुणात पायापाशी ठेवा. मधुमेहींच्या पायांना बऱ्याचदा चटका कळत नाही. त्यांनी झोपताना पिशवी बाहेर काढावी. पिशवी नसेल तर चुलीजवळ तापवलेली वीट जाड फडक्यात गुंडाळून चालते. नदीतला गोटा तापवू नका, आत ओल असेल तर तो फुटतो.

वीज वापरायची तर आधी हिशेब करा. दोन हजार वॉटचा ब्लोअर तासाला २ युनिट खातो. रात्रभर आठ तास चालवला तर १६ युनिट, महिन्याला ४८०. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढे आणि ३०० च्या पुढे दर चढत जातो, म्हणजे ही युनिटं महाग पडतात. तोच ब्लोअर झोपण्याआधी अर्धा तास चालवून बंद केला तर महिन्याला ३० युनिट. शंभर वॉटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट तासभर लावून अंथरूण गरम केलं आणि आत शिरताना बंद केलं तर महिन्याला ३ युनिट. हे ब्लँकेट घडी घालून वापरू नका, बाळाखाली किंवा ज्यांना अंथरुणात लघवी होते त्यांच्याखाली घालू नका. ब्लोअर १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेंशन बोर्ड तापून पेटतो.

आंघोळीला वीस लिटरची बादली १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो. रॉडचं बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोटही घालू नका. अंगणात बंब असेल तर हा खर्चही वाचतो.

शेगडीबद्दल नीट वाचा. घरोघरी एक समज पक्का आहे: धूर गेला, लाल निखारे झाले, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही. हे घातक आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि झोपेतला माणूस उठतच नाही. वर राख धरली तरी आत निखारा जिवंत असतो. टप्पा २ नीट केलेल्या घरात तर धोका आणखी वाढतो. शेगडी ओसरीवर, उघड्यावर पेटवा, तिथेच हातपाय शेका आणि झोपताना ती बाहेरच ठेवा. खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणून ती आत चालत नाही. खोली गरम करायला गॅसही पेटता ठेवू नका.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रेमाने पण ठामपणे सांगा: शेक द्यायचा तर दार सताड उघडं, कुणीतरी जागं, आणि शेक झाला की शेगडी बाहेर. दार लावून, झोपून, रात्रभर कधीच नाही.

खोलीत एकाहून जास्त जणांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, तर दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा.

## बाळ आणि म्हातारी माणसं

बाळाला आपल्यापेक्षा एक थर जास्त घाला, डोक्याला टोपी, पण तोंडावरून पांघरूण घेऊ नका. नवजात बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांना पांघरूण घालणं हा सगळ्यात चांगला उपाय आहे. बाळाच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी नको.

म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजते, पण ती सांगत नाहीत. रात्री त्यांच्या पोटाला हात लावून पाहा. हातपाय गार असणं नेहमीचं, पोट गार असणं धोक्याचं. कुडकुडणं थांबलंय, बोलणं अडखळतंय, गोंधळल्यासारखं वाटतंय, तर दवाखान्यात न्या. रात्री लघवीला उठणाऱ्यांच्या पलंगाशी चप्पल आणि शाल हाताशी ठेवा.

## ऊसतोडीच्या कोप्यांसाठी

हंगामात सातारा-सांगलीच्या कारखान्यांभोवती ऊसतोड मजुरांची हजारो कुटुंबं कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. तिथे भिंत नाही, फरशी नाही. पण पाचट भरपूर आहे. कोरडं पाचट वीतभर जाड अंथरा, वर ताडपत्री, वर वाकळा. कोपीचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवा. ओढ्याकाठच्या सखल जागेत गार हवा साचते. जागा निवडता येत असेल तर थोडी उंचावरची घ्या. कोपीच्या आत आग नको, पाचट आणि प्लॅस्टिक क्षणात पेट घेतं. चूल कोपीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आपल्या शेतात टोळी उतरली असेल तर चार जास्तीची पोती आणि एक ताडपत्री द्या. आत तान्हं मूल असतं.

## थंडी सरल्यावर

होळीच्या आसपास खिडकीचं प्लॅस्टिक आणि दाराची वळकटी काढा, नाहीतर चैत्रात घर उकडेल. पत्र्याखालचं आतलं छत तसंच राहू द्या, उन्हाळ्यात ते तापही अडवतं. पुठ्ठे तपासा, दमट झालेले टाकून द्या. घोंगडं दोन दिवस कडक उन्हात वाळवा, झटका, सुकलेला कडुनिंबाचा पाला घालून सुती कापडात बांधा आणि पावसाळ्यात एकदा उघडीप बघून पुन्हा ऊन दाखवा.